शी होत नाही म्हणता, पण दूध कुठे गेलं?

"वरचं सुरू केलं आणि शी अडकली." सहा महिने पुरे झालेल्या बाळाच्या आईकडून हे वाक्य ऐकलं नाही असा माझा आठवडा जात नाही. पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो, "शी व्हायला काय देऊ?" प्रत्येकीकडे एक यादीही असते: शेजारणीने सांगितलेल्या काळ्या मनुका, मावशीने सांगितलेलं एरंडेल, मोबाइलवर सापडलेली नाशपाती आणि कुणीतरी हमखास सुचवलेलं विड्याच्या पानाचं देठ. काय द्यायचं, एवढाच सगळ्यांचा रोख. मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करते. गेल्या महिन्याभरात बाळाचं काय कमी झालं, ते आधी सांगा म्हणते. या एका प्रश्नाने जेवढी बाळं मोकळी झाली तेवढी कुठल्या फळाने झाली नसतील, असं मी जरा अभिमानानेच म्हणेन.

नाशकातल्या एका दवाखान्यात मी स्तनपान आणि बाळाचा आहार यांबद्दल समुपदेशन करते. डॉक्टर बाळाला तपासतात, आजार नाही याची खात्री करतात आणि मग औषधाआधी माझ्याकडे पाठवतात. पूर्वी औषधानंतर पाठवायचे.

चिऊ (घरातलं लाडाचं नाव, तेही मी बदललंय) आठव्या महिन्यात होती. आई बँकेत, बाबा अंबडच्या एमआयडीसीत, दिवसभर चिऊ आजीजवळ. पहिल्या भेटीला तिघंही आले. बाबांनी आधी मोबाइल पुढे केला. माझ्याकडे येणारे बहुतेक बाबा शीचे फोटो दाखवतात, आणि खरं सांगायचं तर मला ते हवेच असतात. कारण "किती दिवसांनी झाली" यापेक्षा "कशी झाली" हे महत्त्वाचं. फक्त अंगावर पिणारं बाळ कधी दिवसातून सहा वेळा शी करतं, कधी चार-पाच दिवस करतच नाही. झालेली शी मऊ असेल, बाळ पीत असेल, वजन वाढत असेल, तर दोन्ही ठीक. तोंड लालबुंद करून दहा मिनिटं कुंथतं आणि मग मऊ शी होते, तेही बद्धकोष्ठ नव्हे. पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी खालचे स्नायू सैल सोडायचे, हे त्या जिवाला अजून जमत नसतं. काही आठवड्यांत जमतं. वरचं सुरू झालं की शी घट्टसर होते, वास येतो, गाजर जसंच्या तसं बाहेर पडतं, याचीही घरोघरी काळजी. ती सोडून द्या.

चिऊच्या फोटोत मात्र लेंड्या होत्या. कडक, कोरड्या, एकीवर रक्ताची बारीक रेघ. आठवड्यातून दोनदा, तेही रडून. डॉक्टरांनी बघितलं होतं: कडक शीने गुदद्वाराला बारीक चीर गेलेली, बाकी काही नाही.

"दिवसभरात अंगावर किती वेळा पिते?" मी विचारलं.

"रात्री पिते," आई म्हणाली.

"आणि दिवसा?"

"दिवसा आई असतात ना."

मी दुधाबद्दल विचारलं होतं, उत्तर माणसाबद्दल आलं. अशी जागा आली की मी घाई करत नाही. पण तेवढ्यात आजींनी धागा उचलला. "दिवसा मी दोनदा नाचणीचं सत्त्व देते. मध्ये गाईचं दूध, चिमूटभर साखर घालून. संध्याकाळी हा आला की दुधात बिस्कीट कुस्करतो. उपाशी नाही हो ठेवत तिला."

"सत्त्व घरी करता?"

"विकतचं मी दारात येऊ देत नाही!" आजी खुलल्या. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाटायची, मलमलच्या कापडातून गाळायची. "एकदा नाही, तीनदा गाळते." मग साका तळाशी बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि तळाची वडी सावलीत वाळवायची.

"आणि कापडात उरतो तो चोथा?"

"तो कुंडीत घालते. तुळस काय फोफावलीय!"

बोलता बोलता आजी थांबल्या. मीही काही बोलले नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे चांगलं ते तुळशीला आणि चिऊला नुसती खळ?"

अगदी तसंही नाही, मी म्हटलं, पण बरंचसं तसंच. शी मऊ ठेवणारा तंतू सालात असतो. नाचणीचं नाव कॅल्शिअमसाठी, १०० ग्रॅममध्ये साधारण साडेतीनशे मिलीग्रॅम. त्यातलाही काही भाग चोथ्याबरोबर जातो. मोड आणायची पद्धत मात्र फार शहाणपणाची आहे. मोडांतलं अमायलेज नावाचं विकर पिष्ट तोडतं, त्यामुळे खिमटात जास्त पीठ घातलं तरी त्याचा गोळा होत नाही. तेव्हा मोड आणा, वाळवा, भाजा, बारीक दळा, पिठाच्या साध्या चाळणीने चाळा आणि कापड बाजूला ठेवा. "घशात नाही ना अडकणार?" हा आजींचा रास्त प्रश्न. बारीक दळलेलं आणि नीट शिजलेलं पीठ अडकत नाही. चमचा तिरका केल्यावर खिमट हळूहळू घसरावं. पाण्यासारखं गळलं तर पोट नुसतंच भरतं, चिकटून बसलं तर फार घट्ट.

चोथ्याचा हिशेब लागला. दुधाचा अजून बाकी होता. पुढच्या भेटीला आई एकटीच आली, बँकेतून परस्पर.

"घरी सांगितलंय दूध आटलं म्हणून," ती म्हणाली.

"आटलंय का?"

बराच वेळ ती पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली. "शनिवार-रविवार पिते ना ती. मग सोमवारी दुपारी ब्लाउज भिजतो."

आटलेल्या दुधाने ब्लाउज भिजत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. खरी गोष्ट हळूहळू बाहेर आली. कायद्याने २६ आठवड्यांची रजा मिळते, त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. तिने काही आधीच घेतले होते, त्यामुळे सहा महिने पुरे व्हायच्या आतच ती कामावर हजर झाली. सुरुवातीला ती रेकॉर्ड रूममध्ये पंप लावून दूध काढायची. त्या दाराला आतून कडी नव्हती. एक दिवस शिपाई फाइल घ्यायला आत आला. त्या दिवसापासून पंप बॅगेतच राहिला. घरी काय सांगायचं? आटलं म्हणणं सोपं होतं. त्यावर पुढे कुणी काही विचारत नाही.

मी बाळाला घरापासून वेगळं काढून बघत नाही. ही माझी कामाची धाटणी म्हणा किंवा हट्ट म्हणा. घरात न बोललेलं कुठेतरी साठतं आणि घरातलं सगळ्यात लहान माणूस ते दाखवतं, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून तिला म्हटलं, हे मला सांगितलंस ते चांगलं झालं, पण ऐकायला हवं दुसऱ्याच कुणी. तिसऱ्या भेटीला आजींना घेऊन ये.

ती आली आणि माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाली, "आई, माझं दूध आटलं नव्हतं. मी काढायचं सोडलं." कडीचं, शिपायाचं, सगळं सांगून टाकलं.

आजी गप्प. मला वाटलं, आता बोल लावतील. पण त्या म्हणाल्या, "मला वाटलं, धावपळीत तुला पाजणं नकोसं झालंय. तोंडावर कसं विचारायचं? म्हणून मी गाईचं सुरू केलं. तेही कमी पडू नये म्हणून वाढवत गेले." आणि मग एकदम आवाज चढवून, "अगं, त्या मॅनेजरला सांग, कडी बसव म्हणावं! नाहीतर मी येऊन उभी राहते दाराशी."

दोघी हसल्या आणि माझं अर्धं काम तिथेच झालं. चूक कुणाचीच नव्हती. एकीला वाटत होतं आपण कमी पडतोय, दुसरीला वाटत होतं ती उणीव आपण भरून काढावी, आणि या दोन्ही मायांची बेरीज चिऊच्या पोटात अडकली होती. अंगावरचं दूध गेलं, त्याबरोबर पाणी गेलं (आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं), चोथा गेला, आणि त्या जागी गाईचं दूध, साखर, मैदा आला. इतकं झाल्यावर शी मऊ कशी राहावी?

हे चित्र मला फार घरांत दिसतं. वरचं म्हणजे पूरक, अंगावरच्या दुधाला जोड. त्याच्या जागी बसणारं नव्हे. सहा ते आठ महिन्यांच्या अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी पुरतात, निम्म्याहून जास्त गरज अजून दूधच भागवतं. दोन-तीन वेळा भरवणं पुष्कळ झालं. वाटी संपवायची शर्यत नको. बाळाने तोंड फिरवलं, ओठ मिटले, की चमचा खाली. कोंबून भरवलेल्या वाटीने दुधाची भूक मारली जाते, आणि दूध कमी झालं की आपण फिरून पहिल्या जागी.

चिऊच्या घरी आम्ही ठरवलं ते असं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन सुट्या मिळाव्यात, ही तरतूद कायद्यात आहे. कितीतरी जणींना ती माहीतच नसते. तिने मॅनेजरना तेवढंच सांगितलं, आणि कडी खरंच बसली. दुपारी काढलेलं दूध बँकेतल्या फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी आजींच्या वाटी-चमच्यातून चिऊच्या पोटात. कामावर जाण्याआधी, आल्याबरोबर आणि रात्री अंगावर. गाईचं दूध वर्षाच्या आत प्यायला नको, खिमटात शिजवताना थोडं चालेल. साखर-मीठ बंद. संध्याकाळचं बिस्कीट सोडताना सर्वांत जड गेलं ते बाबांना, म्हणून त्यांच्याकडे पिकलेली पपई सोपवली. प्रत्येक खाण्याबरोबर उकळून गार केलेलं पाणी, चार-दोन चमचे. दिवसभरात मिळून अर्धा ते एक कप. सालाच्या मुगाची मऊ खिचडी, लाल भोपळा, रताळं, पालक, वर थोडं तूप. नाशपाती उकडून, तिच्यातला सॉर्बिटॉल नावाचा गोड घटक आतड्यात पाणी ओढून घेतो. मनुका भिजवून, कुस्करून, साल काढून, अख्खी कधीच नाही. केळं द्यायचं तर सालीवर ठिपके पडलेलं. कच्चट केळं बांधतं.

पहिल्या आठवड्यात आजींनी उत्साहाच्या भरात साली, पालेभाज्या, डाळी सगळं एकदमच वाढवलं आणि चिऊचं पोट गॅसने फुगलं. एका वेळी एक, तीन-चार दिवसांच्या अंतराने, असं पुन्हा ठरलं. पंधरवडा उलटेपर्यंत लेंड्या गेल्या, चीर भरली.

आता देठाबद्दल. एरंडेलात बुडवलेलं देठ किंवा साबणाची कांडी लावली की शी होते, हे खरं. चाळवल्यामुळे होते. पण नाजूक त्वचेला ओरखडा पडतो, साबणाने आग होते, आणि पुढची शी तेवढीच कडक राहते. पोटातून एरंडेल तर नकोच, मुरडा येतो. गुटी मधात उगाळून देणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, वर्षाच्या आत मध नाही. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, आणि बद्धकोष्ठ हेच त्याचं पहिलं लक्षण असू शकतं. आशाताईंकडून आठवड्यातून दोनदा मिळणारं लोहाचं औषध मात्र शी काळपट झाली म्हणून परस्पर बंद करू नका. काळा रंग लोहाचाच असतो, आणि सहा महिन्यांनंतर बाळाला वरून लोह लागतंच.

काही बाळं माझ्याकडे नव्हे, तडक डॉक्टरांकडे न्यायची. जन्मल्यावर पहिली काळी शी व्हायला ४८ तासांहून जास्त लागलेली, पहिल्या काही आठवड्यांपासूनच बद्धकोष्ठ असलेली, हिरवी उलटी करणारी, पोट ताठ फुगलेली, ताप असलेली, वजन न वाढणारी किंवा एकाएकी मलूल होऊन नीट ओढून न पिणारी. शीमध्ये रक्त दिसलं, मग ती रेघ का असेना, तरी एकदा दाखवूनच घ्या.

आहार, पाणी, दूध सगळं जागेवर येऊनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टर लॅक्ट्युलोजसारखं शी मऊ करणारं औषध देतात. त्याची सवय लागेल म्हणून आया घाबरतात आणि दोन दिवस बरी शी झाली की बाटली कपाटात जाते. मग तिसऱ्या दिवशी पुन्हा खडा, पुन्हा दुखणं, आणि दुखतं म्हणून बाळ शी धरून ठेवायला शिकतं. ते शिकलं की पुढे महिनोन् महिने निस्तरावं लागतं. औषध सांगितलं तितके दिवस द्या, आणि कमी करायचं ते डॉक्टरांना विचारून, हळूहळू.