वाचकांचे प्रश्न : कंपनीची देणगी, पक्षाची पावती आणि सरकारची मर्जी

राजकीय पक्षांना मिळणाऱ्या कंपन्यांच्या पैशाबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. एकाच विषयावरची पत्रे एकत्र केली आहेत.

माझ्याकडे तीन-चार मोठ्या कंपन्यांचे थोडेथोडे शेअर आहेत. यातली कोणती कंपनी कोणत्या पक्षाला किती पैसे देते, हे मला कसे कळेल? आणि देण्याआधी भागधारकांना विचारायला नको का?
— एक भागधारक, गिरगाव

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आणि चीड आणणारे आहे. विचारायला नको. कंपनी कायदा 2013च्या कलम 182 प्रमाणे देणगीसाठी संचालक मंडळाचा ठराव पुरतो, फक्त तो प्रत्यक्ष बैठकीत झाला पाहिजे, कागद फिरवून सह्या घेऊन चालत नाही. भागधारकांचे मत घेण्याची अट नाही. पब्लिक कंपनीला हा ठराव कंपनी निबंधकाकडे दाखल करावा लागतो, पण निबंधकाकडची इतर कागदपत्रे फी भरून पाहता येतात तसा हा पाहता येत नाही. कायद्याने तेवढ्यापुरती खिडकी बंद ठेवली आहे.

तरी माग काढता येतो. वार्षिक अहवाल उघडा आणि नफा-तोटा पत्रकामागच्या टिपांमध्ये ‘इतर खर्च’ ही टीप गाठा. ‘पोलिटिकल’ आणि ‘इलेक्टोरल ट्रस्ट’ हे दोन्ही शब्द शोधा, कारण पैसे अशा ट्रस्टमार्फत (कंपन्यांकडून देणग्या जमवून पक्षांना वाटणारी संस्था) गेले असतील तर पक्षाचे नाव तिथे सापडणार नाही. सीएसआरच्या (समाजकार्यावरच्या खर्चाच्या) तक्त्यात वेळ घालवू नका, पक्षाला दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरता येत नाही. 2017 ते 2024 या काळातल्या अहवालांत बहुधा नुसती एकूण रक्कम दिसेल. त्या वर्षांत पक्षाचे नाव देण्याची सक्तीच उठवली होती.

मग दुसऱ्या टोकाने या. प्रत्येक पक्षाला दरवर्षी 20,000 रुपयांवरच्या देणग्यांची यादी निवडणूक आयोगाला फॉर्म 24एमध्ये द्यावी लागते. त्यात देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन, रक्कम आणि पैसे कसे दिले ते असते. या याद्या आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत. बऱ्याचशा नुसत्या स्कॅन केलेल्या असल्याने शोधखिडकीत कंपनीचे नाव टाकून काही हाती लागत नाही, पाने चाळावी लागतात. कंपनीच्या अहवालातला आकडा आणि पक्षाच्या यादीतला आकडा जुळला की काम झाले.

अडचण येते ती इलेक्टोरल ट्रस्टपाशी. 2013च्या योजनेप्रमाणे ट्रस्टला वर्षभरात जमलेल्या रकमेतले निदान 95 टक्के पक्षांना वाटावे लागतात. कोणी दिले आणि कोणाला दिले, अशा दोन्ही याद्या ट्रस्ट जाहीर करतो. पण दहा कंपन्यांचा पैसा एका हौदात पडला आणि तिथून चार पक्षांना नळ गेले, तर कोणाचे पाणी कुठे गेले ते यादीवरून सांगता येत नाही. ट्रस्टला एकाच उद्योगसमूहाचे पैसे येत असतील तर मात्र चित्र पुष्कळ स्पष्ट होते.

वार्षिक सभेची नोटीस निदान 21 दिवस आधी येते. त्यात प्रश्न पाठवण्याची आणि बोलण्यासाठी नाव नोंदवण्याची मुदत दिलेली असते, ती गाठा आणि कंपनी सेक्रेटरीला लेखी विचारा : रक्कम किती, कोणाला, ठराव कोणत्या तारखेचा, आणि तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ते किती टक्के? चौथा उपप्रश्न विसरू नका. मर्यादा 7.5 टक्के आहे. समजा तीन वर्षांचे निव्वळ नफे 20, 32 आणि 38 कोटी आहेत, तर सरासरी 30 कोटी आणि कमाल देणगी 2.25 कोटी.

जाता जाता एक तुलना. 1926च्या कायद्यापासून कामगार संघटनेला राजकारणासाठी वेगळा निधी ठेवावा लागत आला आहे, त्यात वर्गणी देण्याची सक्ती करता येत नाही आणि न देणाऱ्याला सभासदत्वाच्या हक्कांपासून दूर ठेवता येत नाही. गिरणी कामगाराला मिळालेली ही मोकळीक शेअरधारकाला आजवर मिळालेली नाही. आमच्या मते ती मिळायला हवी.

एक करसल्लागार सांगतो, अमुक पक्षाला चेकने दहा लाख द्या, कमिशन कापून बाकीचे रोख परत आणून देतो, शिवाय पूर्ण रकमेची करसवलत. पावतीही पक्की असते म्हणतो. यात धोका काय?
— एक लघुउद्योजक, अंधेरी एमआयडीसी

पावती पक्की असते, व्यवहार खोटा असतो. आयकराच्या 80जीजीसी कलमाखाली व्यक्तीला आणि 80जीजीबीखाली कंपनीला राजकीय देणगीची पूर्ण वजावट मिळत आली, रोख सोडून. या वजावटीवर टपून नोंदणीकृत पण मान्यता नसलेले, नावापुरते पक्ष निघाले. जुलै 2025मध्ये आयकर खात्याने देशभर अशा बोगस वजावटींवर छापे घातले. ऑगस्ट 2025मध्ये निवडणूक आयोगाने 334 पक्षांची नावे यादीतून काढली. पक्षाचे बँक खाते तपासले की चेक जमा आणि दोन-चार दिवसांत रक्कम काढलेली, असा सारखा साचा दिसतो. तिथून देणगीदारांची यादी काढायला खात्याला वेळ लागत नाही.

हिशेब करून पाहा. 30 टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह 31.2 टक्के धरले, तर दहा लाखांवर 3.12 लाख कर वाचला. वजावट नाकारली की तो 3.12 लाख व्याजासह भरायचा आणि चुकीची माहिती दिल्याबद्दल कराच्या दुप्पट, म्हणजे 6.24 लाख दंड. वर परत आलेल्या रोख रकमेचा खुलासा करायचा तो वेगळाच. नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मुळात मिळतच नाही. 22 टक्क्यांचा सवलतीचा दर घेतलेल्या कंपनीलाही नाही. म्हणजे अनेकांच्या बाबतीत सल्लागार नसलेली सवलत विकत असतो.

खरोखर देणगी द्यायची असेल तर कंपनीला तीन आर्थिक वर्षे पूर्ण झालेली हवीत, सरकारी कंपनी नसावी, ठराव बैठकीत झालेला हवा आणि पैसे चेक, ड्राफ्ट किंवा बँकेतून थेट गेलेले हवेत. नियम मोडला तर रकमेच्या पाचपटीपर्यंत दंड आणि जबाबदार अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. छोट्या प्रायव्हेट कंपनीत बहुतेक वेळा चूक होते ती ठरावात : पैसे आधी जातात, ठराव मागच्या तारखेने लिहिला जातो.

निवडणूक रोखे रद्द झाले. म्हणजे नेमके काय बदलले?
— एक शिक्षिका, दादर

15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रोखे योजना, म्हणजे स्टेट बँकेतून रोखा विकत घेऊन नाव उघड न करता पक्षाला देण्याची सोय, घटनाबाह्य ठरवली. एवढेच सगळ्यांच्या लक्षात राहिले. पण त्याच निकालाने 2017 साली केलेले दोन बदलही पाडले : कंपन्यांसाठीची 7.5 टक्क्यांची मर्यादा काढून टाकणे, आणि अहवालात पक्षाचे नाव न देण्याची मुभा. मर्यादा नसताना तोट्यातली किंवा नुसती कागदावर असलेली कंपनीसुद्धा हवी तेवढी रक्कम देऊ शकत होती. आमच्या मते निकालाचा जास्त मोलाचा भाग हा आहे.

मार्च 2024मध्ये स्टेट बँकेने दिलेली माहिती आयोगाने प्रसिद्ध केली. आधी खरेदीदार आणि पक्ष यांच्या दोन सुट्या याद्या आल्या. न्यायालयाने पुन्हा खडसावल्यावर रोख्यांचे क्रमांक आले आणि कोणाचा रोखा कोणी वटवला ते जुळवता आले. खरेदीदारांत सर्वांत वर एक लॉटरी कंपनी होती, 1,368 कोटींची. लॉटरी चालवू द्यायची की नाही हे राज्य सरकारे ठरवतात, हे इथे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

मुंबईपुरते सांगायचे तर हा वाद आपल्याकडे जुना आहे. 1957 साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले. मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी कायद्यात मनाई नसल्याने परवानगी दिली, पण हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचा गळा आवळू शकतो असा इशारा निकालपत्रातच देऊन ठेवला. 1969 साली संसदेने कंपन्यांच्या देणग्यांवर बंदीच घातली. निवडणुका काही स्वस्त झाल्या नाहीत, पैसा काळ्यात गेला. 1985 साली बंदी उठली आणि 5 टक्क्यांची मर्यादा आली, 2013च्या कायद्याने ती 7.5 केली. सरसकट बंदी मागणाऱ्यांनी ही सोळा वर्षे विसरू नयेत.

सगळ्या देणग्या उघड केल्या की प्रश्न सुटेल का? की निवडणुकीचा खर्च सरकारनेच करावा? आणि सरकारने उद्योगधंद्यांत किती लुडबूड करावी?
— एक निवृत्त अभियंता, मुलुंड

उघडपणा लागेलच, पण तो पुरणार नाही. कंपनी देणगी देते ती बहुधा विचारसरणीसाठी नव्हे. एकाच वर्षी सत्ताधारी आणि विरोधक दोघांच्या याद्यांत तेच नाव दिसते, यावरून काय ते समजावे. विकत घेतली जाते ती मर्जी, किंवा निदान अवकृपेपासून सुटका. सरकारी सहीने जितका पैसा इकडचा तिकडे होऊ शकतो, तितकी मर्जीची किंमत चढते.

मुंबईत ही सही चटईक्षेत्रावर होते. भूखंडाच्या किती पट बांधता येते ते प्रमाण म्हणजे एफएसआय : उपनगरात मूळ 1, शहरात 1.33. त्यावर प्रीमियम (जादा बांधकामाचे शुल्क) भरून, टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क) घेऊन, फंजिबल नावाचे जादा क्षेत्र 35 टक्के धरून इमारत वाढते. आता 2,000 चौरस मीटरचा भूखंड घ्या. त्यावर 0.5 एफएसआय जास्त मिळाला तर 1,000 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 10,764 चौरस फूट बांधकाम वाढले. विक्रीचा भाव 25,000 रुपये फूट धरला तर जवळजवळ 27 कोटींचा माल एका तरतुदीने तयार झाला. बांधकामाचा खर्च आणि प्रीमियम वजा करा, तरी उरते ते कुठल्याही देणगीपेक्षा भारी.

म्हणून आम्ही सरकार छोटे की मोठे या वादात पडत नाही. सरकारने नियम करावेत, रस्ते-पाणी-दवाखाने चालवावेत, जमीन आणि कंत्राटे लिलावाने द्यावीत. पण सही करणाऱ्याच्या हातात ‘या प्रकरणी विशेष बाब म्हणून’ हे शब्द शक्य तितके कमी ठेवावेत. सवलत देणेच चूक असे नाही. जानेवारी 2021मध्ये राज्य सरकारने बांधकाम प्रीमियम वर्षभरासाठी निम्मे केले, बदल्यात घरखरेदीदाराचे मुद्रांक शुल्क बिल्डरने भरावे अशी अट घातली. निर्णय बरोबर की चूक यावर भांडता येते, पण अट, मुदत आणि टक्केवारी सगळ्यांना सारखी आणि छापील होती. एका भूखंडापुरता निघालेला आदेश वेगळा. तिथे लाभार्थी एकच असतो आणि देणगीच्या यादीशी तो ताडून पाहावा लागतो.

तुम्हाला हे रोखता येते का? थोडेफार. विकास नियमावलीत बदल करायचा तर एमआरटीपी कायद्याच्या (राज्याच्या नगररचना कायद्याच्या) कलम 37 खाली सूचना निघते आणि हरकतींसाठी मुदत असते. सरकार स्वतः बदल करते तेव्हा ती कलम 37 (1एए) खाली, साधारण एक महिन्याची. मेख कलम 154मध्ये आहे : त्याखाली सरकारने काढलेल्या निर्देशाने बदल हरकतींची मुदत संपायच्या आत लागू करता येतो. राजपत्रात दोन्ही कलमे एकत्र दिसली की हरकत लगेच टाका, पोचपावती घ्या आणि सुनावणी मागा. हरकतीत नुसता निषेध नको, नियमाचा क्रमांक, क्षेत्रफळ आणि त्या भागातले रस्ते-पाणी यांचा आकडा द्या. तसे पत्र सुनावणीच्या अहवालात वळसा घालून टाळणे अवघड जाते.

सरकारी खर्चाने निवडणुका घेण्याचे म्हणाल तर 1998च्या इंद्रजित गुप्ता समितीने मान्यताप्राप्त पक्षांना रोख नव्हे, वस्तुरूपाने अंशतः मदत सुचवली होती. दूरदर्शन-आकाशवाणीवरचा मोफत वेळ, मतदार याद्यांच्या प्रती, पक्षांच्या उत्पन्नाला करमाफी, हे आजही जनतेच्याच पैशातून चालते. त्यापुढे जायचे तर आधी पक्षांच्या खर्चाला मर्यादा हवी. उमेदवाराला ती आहे, महाराष्ट्रात लोकसभेला 95 लाख आणि विधानसभेला 40 लाख, पक्षाला नाही. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला. संसदेने त्याच वर्षी कायदा बदलून तो पुन्हा बाहेर काढला. या एका बाबतीत कोणत्याही पक्षाने आजवर घाई दाखवलेली नाही.

आमच्या मंडळाच्या कमानीचे पैसे एक बिल्डर देतो, फोटो मात्र स्थानिक नेत्याचा लागतो. हा निवडणूक खर्च होतो का? कोणी तपासते का?
— एक कार्यकर्ता, लालबाग

एरवी होत नाही. उमेदवाराचा खर्च मोजला जातो तो अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत, त्यामुळे गणपती-दहीहंडीतली कमान त्यातून सुटते. या पैशाची नोंद राहते ती फक्त मंडळाच्या वहीत. म्हणून ती नीट ठेवा : वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी, जाहिरातीचे पैसे चेकने, आणि पावतीवर पैसे देणाऱ्या फर्मचेच नाव. ‘एक हितचिंतक’ लिहू नका. आयकरवाले विचारतील तेव्हा हितचिंतक सापडत नाही.

निवडणुकीच्या काळात मात्र गोष्ट वेगळी. तोच फलक उमेदवाराच्या संमतीने लागला तर खर्च त्याच्या खात्यात जातो. लेखी परवानगीशिवाय तुम्ही लावला तर गुन्हा तुमच्यावर. उमेदवाराच्या खर्चवहीत तीन भाग असतात : पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख, पिवळ्या पानांवर बँक. प्रचाराच्या काळात ती निदान तीनदा तपासली जाते. निकालानंतर 30 दिवसांत अंतिम हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो आणि त्यानंतर दोन दिवसांत त्या कार्यालयात तशी नोटीस लागते. एक रुपया फी भरून तो हिशेब कोणालाही पाहता येतो. जाताना मंडप, खुर्च्या आणि गाड्यांचे तुमच्या भागातले भाव टिपून न्या. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दरपत्रकाशी ताडताना गडबड बहुतेक याच तीन ओळींत सापडते.