मोठ्या डेव्हलपर कॉन्फरन्सला पहिल्यांदा जाताना तयारी कशी करावी?

तुम्ही विचारलंय की काही हजार लोकांची तीन दिवसांची कॉन्फरन्स आहे, एका वेळी दहा-बारा सत्रं चालू असतात, मग त्यातली निवडायची कोणती, वेळापत्रक कसं आखायचं, आणि परत आल्यावर ऑफिसला "पैसे वसूल झाले" हे दाखवायचं कसं. पहिल्या दोन गोष्टी मी थोडक्यात सांगेन. तिसरीवर मात्र बरंच बोलायचंय, कारण याच "पैसे वसूल"वरून माझं एका माणसाशी जे वाजलं, ते इतक्या वर्षांनीही डोक्यातून जात नाही.

सत्रं निवडण्यात आठवडा घालवू नका. मी घालवला होता. पहिल्यांदा गेले तेव्हा एक्सेल शीट केली होती. तीन दिवस, बावीस सत्रं, प्रत्येकाला रंग, शेजारी हॉलचा नंबर. दोन सत्रांच्या मध्ये जेमतेम दहा मिनिटं. मॅनेजरने तीच शीट बघून मंजुरी दिली होती, त्यामुळे ती पाळणं हे मी माझं कामच समजत होते.

त्या वेळी आमच्याकडे एक जुनं दुखणं होतं. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस, एक प्रायमरी (मुख्य सर्व्हर), एक स्टँडबाय (राखीव सर्व्हर). प्रायमरीचं मशीन अचानक गेलं की स्टँडबाय अर्ध्या मिनिटात ताबा घ्यायचा, तिथपर्यंत सगळं ठीक. पण आमचं ॲप्लिकेशन त्यानंतरही पंधरा मिनिटं लटकलेलं असायचं. बरं, सगळं नाही. काही कनेक्शनं मिनिटभरात सुटायची, उरलेली तशीच अडकून बसायची. चार महिन्यांत तीनदा झालं. कीपअलाइव्ह (पलीकडचं टोक जिवंत आहे का हे अधूनमधून तपासणारी सोय) लावलेलं होतं, कनेक्शन पूलचं (उघडून तयार ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्याचं) सेटिंग उलटसुलट करून झालं होतं, लॉगमध्ये काही नाही. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा.

कॉन्फरन्सच्या दुसऱ्या दिवशी दुपारी डेटाबेस फेलओव्हरवरचं, म्हणजे मुख्य सर्व्हर गेल्यावर राखीवाने ताबा घेण्यावरचं, एक सत्र होतं. मी मुळात त्या एकासाठीच गेले होते म्हटलं तरी चालेल. त्याच्या आधीचं सत्र दुसऱ्या इमारतीत. ते संपेपर्यंत बसले, कारण शीटमध्ये होतं, आणि मग धावत आले. दारात एक स्वयंसेवक हातातल्या काउंटरवर टिक टिक करत एकेकाला आत सोडत होता. माझ्या पुढे चार जण उरले असताना त्याने हात आडवा केला आणि दाराला "हॉल भरला" अशी पाटी अडकवली. मला तिथेच रडू आलं असतं.

भिंतीशी एक प्लग पॉइंट होता, तिथे खाली बसले. माझ्या मागे रांगेत असलेल्या एक बाईही येऊन शेजारी बसल्या, लॅपटॉप चार्जिंगला लावला. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. त्यांनी सहज विचारलं, "तुला कशासाठी ऐकायचं होतं हे?" मी सगळं सांगितलं. त्या मध्ये बोलल्या नाहीत. माझं संपल्यावर दोनच प्रश्न विचारले. पहिला: "सुटतात ती कनेक्शनं त्या क्षणी रिकामी असतात आणि अडकतात त्यांच्यावर क्वेरी चालू असते, असं आहे का?" हे आम्ही कधी तपासलंच नव्हतं. दुसरा: "अडकलेली नेमकी किती वेळाने सुटतात? अंदाज नको, आकडा सांग." मी लॅपटॉप उघडून जुन्या नोंदी काढल्या. तिन्ही वेळा साडेपंधरा मिनिटांच्या आसपास.

त्यांनी माझ्या गळ्यातला बॅज उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने 924.6 लिहिलं आणि खाली एक रेघ ओढली. "सेकंद. भागून बघ."

पंधरा मिनिटं आणि वर चोवीस सेकंद.

मग त्यांनी समजावलं. पाठवलेल्या डेटाची पोच आली नाही की लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) तो पुन्हा पाठवतो, दर खेपेला थांबण्याचा वेळ दुप्पट करत, आणि दोन मिनिटांवर गेला की तिथेच ठेवत. किती वेळा पाठवायचं हे ठरवणारं टीसीपी रिट्राइज टू नावाचं सेटिंग आहे, मुळात 15 वर असतं, आणि त्या सगळ्या थांबण्याची बेरीज 924.6 सेकंद होते. प्रत्यक्षात त्याहून थोडं जास्तच लागतं. पोच न आलेला डेटा पडून आहे तोवर कीपअलाइव्ह चालतच नाही, ते फक्त रिकाम्या बसलेल्या कनेक्शनसाठी. म्हणून आमची रिकामी कनेक्शनं मिनिटभरात सुटत होती आणि ज्यांच्यावर क्वेरी गेली होती ती लटकत होती. उपाय टीसीपी यूझर टाइमआउट, म्हणजे पोच किती वेळ आली नाही की कनेक्शन तोडायचं हे ठरवणारं सेटिंग. पोस्टग्रेसच्या 12व्या आवृत्तीपासून क्लायंट लायब्ररीतच (ॲप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणाऱ्या कोडमध्येच) त्याचं पॅरामीटर आहे, म्हणजे आम्हाला एक ओळ बदलायची होती. त्या उठताना म्हणाल्या, "पाच सेकंद ठेवू नकोस. आम्ही ठेवलं होतं, नेटवर्क जरा अडखळलं की चांगली कनेक्शनंही पटापट तुटायची. तीसच्या आसपास ठेव." हे शेवटचं वाक्य मला कुठल्याच डॉक्युमेंटेशनमध्ये मिळालं नसतं.

पाऊण तास बोललो असू. त्या नादात शीटमधली आणखी दोन सत्रं बुडाली. एकूण हजेरी नऊ.

परत आल्यावर अहवालाचा फॉर्म भरायचा होता. रकाने तीन: सत्राचं नाव, वक्ता, शिकलेले मुद्दे. मॅनेजरने माझी मंजूर शीट एका बाजूला ठेवली, अहवाल दुसऱ्या बाजूला, आणि पेनाने एकेका ओळीवर टिकमार्क करत गेला. "बाकीची तेरा?" मी म्हटलं, त्यांचे व्हिडिओ येतीलच. "व्हिडिओच बघायचे होते तर गेलीस कशाला?" मग मी फेलओव्हरचं सांगितलं. बदल तोवर टाकूनही झाला होता. चाचणीत मशीन मुद्दाम बंद केलं तेव्हा सगळी कनेक्शनं मिनिटाच्या आत सुटली होती. तो म्हणाला, "हे गुगल केलं असतं तरी सापडलं असतं." पुढच्या वर्षीचा माझा अर्ज त्याने याच कारणावर परत पाठवला.

सापडलं असतं, बरोबर आहे. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तो आकडा स्वच्छ लिहिलेला आहे. पण शोधायला आधी शब्द लागतो. चार महिने आम्ही फेलओव्हर, हँग, पूल टाइमआउट, कीपअलाइव्ह हेच शब्द टाकत होतो आणि तीच ती पानं वाचत होतो. नेमका शब्द हातात पडल्यावर दहा सेकंदांत सगळं मिळतं. तो शब्द कुणीतरी द्यावा लागतो, आणि देण्याआधी त्या माणसाने तुम्हाला दोन प्रश्न विचारावे लागतात. व्हिडिओ उलट प्रश्न विचारत नाही. हे मला तेव्हा त्याच्या तोंडावर सांगता आलं नाही, म्हणून आज इथे लिहितेय.

आता तुमचं. सोबत एक कागद न्या. त्यावर तुमच्या कामातला एक अडलेला प्रश्न, दोन असतील तर दोन, आकड्यांसकट लिहा: केव्हा होतं, किती वेळ होतं, काय काय करून पाहिलं. दिवसाला दोन, फार तर तीन सत्रं ठरवा, तीही जिथे वक्त्याला नंतर गाठून काहीतरी विचारायचंय अशीच. सत्र संपल्यावर मंचाशी गर्दी असते, दाराबाहेर थांबा, माणूस निवांत सापडतो. उद्घाटनाचं मोठं भाषण खुशाल सोडा, त्याचा सारांश संध्याकाळपर्यंत सगळीकडे येतो. झटपट सत्रं मात्र सोडू नका. डॉकर (ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये बांधून चालवण्याचं साधन) जगापुढे पहिल्यांदा आलं ते 2013 सालच्या पायकॉन या पायथन भाषेच्या कॉन्फरन्समध्ये, अमेरिकेतल्या सांता क्लारात, पाच मिनिटांच्या अशाच सत्रात. सॉलोमन हाइक्स यांनी ते दाखवलं. तो व्हिडिओ आजही बघता येतो, पण उतरल्या उतरल्या त्यांना बाजूला घेऊन शंका विचारायची सोय त्या हॉलमधल्यांनाच होती.

जागेचा अंदाज आधी घ्या. लास व्हेगासचं री:इन्व्हेंट, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडची कॉन्फरन्स, एका इमारतीत नसतं, रस्त्याच्या कडेच्या अनेक हॉटेलांत पसरलेलं असतं. तिथे लागोपाठची दोन सत्रं वेगवेगळ्या हॉटेलांत घेतलीत तर दुसरं गेलंच समजा. ब्रसेल्सच्या फॉसडेम या ओपन सोर्स कॉन्फरन्सला तिकीट नाही, नोंदणीही नाही, ते विद्यापीठाच्या आवारात होतं आणि वर्ग लहान असतात. भरला की दार बंद. तिथे या वर्गातून त्या वर्गात पळण्यापेक्षा एक विषय पकडून अर्धा दिवस एकाच वर्गात बसलेलं बरं, आजूबाजूचे चेहरेही ओळखीचे होतात. पायकॉनमध्ये ओपन स्पेसचा फलक असतो, कुणीही विषय लिहून एक तास खोली घेऊ शकतो. मी तुमच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी सकाळी माझा अडलेला प्रश्न त्या फलकावर लावला असता. मुख्य कार्यक्रम संपल्यावर तिथे स्प्रिंटचे दिवस असतात, प्रकल्प सांभाळणारी माणसं एका टेबलावर बसून काम करतात. शक्य असेल तर परतीचं तिकीट एक-दोन दिवस पुढचं काढा. स्टॉलवर गेलात तर डेमो बघत बसू नका, "इथे इंजिनिअर कोण आहे?" असं सरळ विचारा.

अनोळखी घोळक्यात शिरायचं कसं, हा प्रश्न पडेलच. एरिक होल्शर यांचा पॅकमॅन नियम बऱ्याच कॉन्फरन्समध्ये सांगतात: उभं राहून बोलताना गोल पूर्ण बंद करू नये, एका माणसाची जागा मोकळी ठेवावी. अशी जागा दिसली की जाऊन उभे राहा, ती तुमच्यासाठीच आहे.

ऑफिसचं म्हणाल तर जाण्याआधीच मेल टाका: मी हे दोन प्रश्न घेऊन जातेय, या तीन प्रकल्पांच्या माणसांना गाठायचा प्रयत्न करणार आहे. सत्रांचा आकडा लेखी देऊ नका. एकदा दिलात की परत आल्यावर तोच मोजला जातो.

हे सगळ्यांना लागू पडेल असं नाही, हेही सांगायला हवं. तुम्ही या क्षेत्रात अगदी नवे असाल, अडलेला प्रश्नच अजून तयार झाला नसेल, तर सत्रं आणि कार्यशाळा भरपूर करा, त्यांचा उपयोग होतो. आणि माझ्याही त्या तीन दिवसांतले पहिले दीड दिवस काहीच हाती लागलं नव्हतं. पुढे मी आणखी चार कॉन्फरन्स केल्या. त्यातल्या एकीत असं कुणीच भेटलं नाही, प्रश्न घेऊन गेले तशी घेऊन परत आले. मॅनेजरवर बजेटचा दाब होता, हेही आज कळतं. तरी त्याचं ते वाक्य चुकीचंच होतं.

आता टीममधल्या मुलामुलींना पाठवण्याची मंजुरी माझ्याकडे असते. अहवालाचा फॉर्म मी बदलला. सत्राचं नाव आणि वक्ता हे रकाने काढून टाकले. आता दोनच आहेत: कोणता प्रश्न घेऊन गेलात, आणि त्यावर कुणाशी बोललात. बॅज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पेनाची शाई फिकी झालीय, आकडा वाचता येतो.

आणि हो, व्हिसा लागणार असेल तर आयोजकांकडून निमंत्रणपत्र तिकीट काढल्याच्या दिवशीच मागा. आमच्यातला एक जण त्यात उशीर झाल्यामुळे विमानात बसूच शकला नाही.