सायप्रसला येताय? आधी पत्रावरचं गाव बघा

तुम्हाला लिमासोलच्या जहाज कंपनीत नोकरी मिळतेय, आणि धाकट्या भावाला एजंटाने 'सायप्रस'मध्येच, फामागुस्ताच्या विद्यापीठात, स्वस्तात प्रवेश मिळवून दिलाय. दोघांनी एकत्र घर घ्यावं का, असं विचारलंत. नाही जमणार. गाडीने सव्वा-दीड तासाचं अंतर आहे, पण मध्ये रेषा आहे.

हे बेट 1960 साली ब्रिटिशांकडून सुटलं. तीन वर्षांत ग्रीक आणि तुर्की सायप्रसवासीयांचं फाटलं आणि एका ब्रिटिश अधिकाऱ्याने राजधानी निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ मारली. 1964 पासून तिथे संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आहे. आपले जनरल थिमय्या तिचे प्रमुख असताना डिसेंबर 1965 मध्ये इथेच वारले. जुलै 1974 मध्ये अथेन्सच्या लष्करी राजवटीच्या जोरावर इथलं सरकार उलथवलं गेलं आणि पाच दिवसांनी तुर्कस्तानचं सैन्य उतरलं. ते अजून आहे. बेटाचा उत्तरेकडचा एक तृतीयांशाहून जास्त भाग त्यांच्याकडे गेला, फामागुस्ताही त्यातच, आणि ती रेघ बेटभर झाली. 1983 मध्ये तिकडच्या तुर्की सायप्रसवासीयांनी वेगळा देश जाहीर केला, पण तुर्कस्तानखेरीज तो कुणीच मानत नाही. भारतही नाही.

तुमच्या भावाचा प्रश्न नेमका इथे आहे. तो तुर्कस्तानमार्गे उत्तरेतल्या एर्कान विमानतळावर उतरणार. दक्षिणेचं सरकार तो प्रवेश बेकायदा धरतं, म्हणजे तो तुमच्या घरी जेवायलासुद्धा येऊ शकणार नाही. दक्षिणेचा रहिवासी परवाना हाती आला की तुम्ही त्याला भेटायला जाल, पण त्याआधी कंपनीकडून नियम विचारून घ्या. आपला उच्चायोग निकोसियात आहे, पण रेषेच्या अलीकडे. पोराचा पासपोर्ट तिकडे हरवला तर काय कराल, हे एजंटाला विचाराच. 'युरोपातली पदवी' म्हणून तो विकत असेल, तर लक्षात ठेवा: 2004 साली सायप्रस युरोपीय संघात आला तेव्हा कागदावर अख्खं बेट आलं, पण उत्तरेत युरोपीय कायदा स्थगितच आहे. उद्या हाच माणूस तिकडचा स्वस्त फ्लॅटही दाखवेल. त्यातल्या बऱ्याच जमिनींचे 1974 पूर्वीचे मालक दक्षिणेत आहेत आणि ते कोर्टात जातात. त्या वाटेला जाऊच नका.

एकदा निकोसियाच्या लेड्रा स्ट्रीटवर जाऊन या. बुटांची दुकानं, आइसक्रीम, आणि मध्येच पोलिसांची खिडकी. पासपोर्ट दाखवायचा, बंद पडलेल्या घरांमधून थोडं चालायचं, की पुढे दुसरी खिडकी. पलीकडे युरो संपून लिरा सुरू. हा रस्ता 2008 मध्ये उघडला. त्याआधी तिथे भिंतच होती.

आता तुमचं. नोकरी चांगली असेल तर या. लिमासोलमध्ये जहाजांचा कारभार बघणाऱ्या कंपन्या पुष्कळ, आपली माणसंही भेटतात, इंग्रजीवर भागतं. भाडं मात्र डोळे पांढरे करतं. रशियन आणि इस्रायली पैशाने ते वर नेलंय. लार्नाका शहर त्या मानाने परवडतं. पण रोज गाडी चालवावी लागेल, कारण बस यथातथा आणि रेल्वे तर 1951 लाच बंद झाली. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने. इथल्या रहिवासी परवान्यावर पॅरिस फिरू, असं मात्र समजू नका. मी हे लिहितोय तोवर तरी सायप्रस शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही.

उन्हाळ्यात निकोसिया चाळिशी गाठतं आणि समुद्रकाठी घामाने जीव जातो, त्यामुळे एसी चालतो का ते बघूनच घर घ्या. जेवणाचे हाल होणार नाहीत. थंडीत बाजारात कोलोकासी येते. ती आपली अळकुडीच, फक्त दांडगी. इथल्या बायका ती सरळ कापत नाहीत. सुरीने चीर देऊन तुकडा मोडून काढतात, म्हणजे चिकट होत नाही. ते टोमॅटोत डुकराचं मांस घालून शिजवतात, आम्ही चिंच-गूळ घालतो. चिंच येताना घेऊन या.