1981 सालच्या गिरणगावातल्या चाळीवर शॉर्ट फिल्म करायची आहे. पिंटरेस्टवर तेच तेच फोटो येतात. रेफरन्स शोधायचे कुठे?

एका फोटोवर थांबलात की पिंटरेस्ट त्याच्याच जातीचे आणखी दाखवतं, त्यामुळे तिथे फार वेळ घालवू नका. सिनेमांच्या स्टिल्सकडेही शेवटी वळा. पडद्यावरच्या कितीतरी चाळी हे स्टुडिओतले सेट असतात. कॅमेरा मागे नेण्यासाठी भिंत काढलेली असते, वरून लाइट मारण्यासाठी छत नसतं. दहा बाय बाराच्या खऱ्या खोलीत ती फ्रेम लागत नाही.

सुरुवात घरोघरच्या अल्बमपासून करा. बारशा-लग्नाच्या फोटोंत माणसांच्या मागे बघा: कॅलेंडर, मांडणीवरची भांडी, लाकडी पट्टीवरून गेलेली वायर, काळी गोल बटणं. मात्र या फोटोंवरून उजेड ठरवू नका. समोरून मारलेल्या फ्लॅशने खोलीतला खरा उजेड पार पुसून टाकलेला असतो. रंगाचंही तसंच. त्या काळातल्या रंगीत प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि फोटो तांबूस दिसू लागतो. तो तांबूसपणा प्रिंटच्या वयाचा आहे, 1981 चा नाही, तरी जुना काळ दाखवणाऱ्या फिल्मच्या ग्रेडिंगमध्ये (शूटनंतर रंग ठरवताना) तोच हमखास येतो. भिंतीचा खरा रंग हवा असेल तर जुन्या चाळीत दाराच्या चौकटीजवळ पोपडे निघालेत तिथे बघा, खालचे थर दिसतात. आणि टीव्ही ठेवणार असाल तर चित्र कृष्णधवलच हवं. दूरदर्शनवर रंग 1982 मध्ये आला.

रस्ते, कपडे, दुकानांच्या पाट्या यांसाठी फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेचे त्या वर्षांतले माहितीपट बघा. जाहिरातींसाठी जुने दिवाळी अंक चाळा.

उजेडाचा रेफरन्स लोकेशनवरच मिळवा, ज्या महिन्यात आणि ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी. युरोपातल्या चित्रांत खिडकीतून तिरपा उन्हाचा पट्टा येतो, तो मुंबईत मे महिन्यातल्या भर दुपारी येत नाही. मेच्या मध्याला सूर्य इथे तेव्हा जवळजवळ डोक्यावर असतो. खोलीत येतो तो गॅलरीच्या फरशीवरून उसळलेला उजेड, खालून वर जाणारा. चेहऱ्यावर तो फार सुंदर पडतो, आणि फुकट मिळतो!

मग महत्त्वाचे आठ-दहा सीन घ्या आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन चित्रं लावा. प्रत्येक चित्राखाली एक ओळ लिहाच: 'यातून फक्त खिडकीचा उजेड', 'यातून फक्त साडीचा पोत'. ही ओळ नसली की कॅमेरामन उजेड बघतो, कलादिग्दर्शक त्याच चित्रातली भिंत रंगवून मोकळा होतो. एआयने बनवलेली चित्रं लावू नका, त्यांत सावल्यांच्या दिशा अनेकदा जुळत नाहीत आणि तो उजेड कुठल्याच लाइटने उभा करता येत नाही. शेवटी सगळी चित्रं तुमच्या फ्रेमच्या मापात, म्हणजे रुंदी-उंचीच्या प्रमाणात, कापा. 2.39 च्या रुंद चित्रातली मांडणी 16:9 मध्ये वर-खाली रिकामी पडते, आणि चाळीत ती जागा छताने किंवा मोरीने भरते.