नवरी फुगलेली का दिसते?

प्रश्न : बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी नव्या ३२ इंची टीव्हीवर लावली, तर नवरी फुगलेली दिसते अन् चित्र काळंपांढरं. जुन्या डब्बा टीव्हीवर सगळं बरोबर होतं. डिस्क बिघडली का?
— एक वाचक, ता. दर्यापूर

उत्तर : भाऊ, डिस्कले काही झालं नाही. आधी रंगाचं पाहू. डीव्हीडी प्लेअरची पिवळी, म्हणजे चित्राची, पिन टीव्हीमागच्या हिरव्या भोकात खोचली असेल. बऱ्याच टीव्हींत तेच भोक ‘एव्ही’ (एका पिवळ्या वायरीतून चित्र) अन् ‘कॉम्पोनंट’ (तीन वायरींतून चित्र) या दोन्ही कामांना असतं. तेव्हा टीव्हीच्या सोर्समध्ये ‘कॉम्पोनंट’ सोडून ‘एव्ही’ निवडा. तरी रंग नाही आले तर प्लेअरच्या सेटअपमध्ये ‘एनटीएससी’ (अमेरिकेकडची चित्राची पद्धत) आहे का बघा अन् ‘पाल’ करा. आपल्याकडची पद्धत तीच, ६२५ रेषांची. माझ्या घरी नातवानं बटणं दाबून हेच केलं होतं, अन् मी दोन दिवस वायरीले शिव्या देत बसलो!

नवरीचं म्हणाल, तर रुंदी-उंचीच्या प्रमाणात शूटिंग ४:३ चं अन् टीव्ही १६:९ चा. टीव्ही चित्र ताणून पडदा भरतो. प्लेअरमध्ये १६:९ राहू द्या, टीव्हीच्या रिमोटवरून चित्राचा आकार ४:३ करा. बाजूला काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. रुंद पिक्चर लावला की परत १६:९.

अन् सेटअप उघडत नसेल तर आधी स्टॉप दोनदा दाबा.