उतरताना दम लागत नाही, मग मांड्या का भरून येतात?

प्रश्न : माझं वय ५२. काम बसून असतं. गेल्या महिन्यात मित्रांबरोबर डोंगर चढलो. चढताना इतकी धाप लागली की चार वेळा थांबावं लागलं. उतरताना मात्र गप्पा मारत आरामात खाली आलो. दुसऱ्या दिवशी थोडंसं अंग आंबलं होतं, पण तिसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या की हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता येईना. मित्र म्हणाला, ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय, चालून चालून ते बाहेर काढ.’ हे खरं आहे का? स्नायूंना काही इजा तर झाली नसेल?

उत्तर : मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि लॅक्टिक ॲसिडचं हे कारण रुग्णांकडून सतत ऐकते. पण इथे वेळेचाच हिशेब जुळत नाही. लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिड शरीरात याच रूपात असतं) भराभर तयार होतं ते जोराच्या मेहनतीत, म्हणजे तुम्ही चढत होतात आणि धापा टाकत होतात तेव्हा. थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातली त्याची पातळी खाली येते. हृदयाचा स्नायू ते इंधन म्हणून वापरतो, यकृत त्यातून पुन्हा ग्लुकोज बनवतं. तिसऱ्या दिवशी बाहेर काढायला ते उरलेलंच नसतं.

तुमच्या मांड्या दुखल्या त्या उतरण्यामुळे.

स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. त्याच्या प्रत्येक तंतूत एकापुढे एक जोडलेले सूक्ष्म कप्पे असतात. एका मिलिमीटरच्या लांबीत साधारण ४०० ते ५०० मावतील इतके छोटे. या कप्प्यांत दोन प्रथिनांचे धागे असतात, मायोसिनचे जाड आणि ॲक्टिनचे बारीक. मेंदूकडून संदेश आला की तंतूच्या आत कॅल्शियम सुटतं, मायोसिनची टोकं ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुढे पुन्हा पकडतात. पकड सोडवायला एटीपी हे इंधन लागतं. धागे स्वतः आखडत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. ही कल्पना १९५४ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी, स्वतंत्रपणे मांडली. एका गटात अँड्र्यू हक्स्ली आणि रोल्फ निडरगर्के होते, दुसऱ्यात ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन. आडनाव एकच असलं तरी दोघे हक्स्ली नात्यातले नव्हेत.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखूड होत शरीर वर उचलतो. उतरताना मात्र गुडघा वाकत जातो आणि तोच स्नायू ओढ कायम ठेवून लांब होत जातो. भरलेली बादली दोराने हळूहळू खाली सोडताना हात जे करतात, तेच इथे मांडी करत असते. व्यायामशाळेत याला ‘निगेटिव्ह’ म्हणतात.

या कामाला इंधन फार कमी लागतं. १९५२ मध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची या तिघा शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पॅडल पुढे मारायचं, दुसऱ्याने मागे फिरणाऱ्या पॅडलला पायाने विरोध करायचा. जोर दोघांचा सारखाच, पण विरोध करणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. हा प्रयोग मला फार आवडतो, कारण तुमचा सगळा अनुभव त्यात आहे. लांब होत असलेला तंतू जास्त भार पेलू शकतो, म्हणून तेवढ्याच जोरासाठी शरीर थोडेच तंतू कामाला लावतं. त्यामुळे दम लागत नाही. पण त्या थोड्या तंतूंपैकी प्रत्येकावर जास्त ताण येतो. सवय नसेल तर काही कप्पे प्रमाणाबाहेर ताणले जातात, त्यांची आतली रचना विस्कटते. मग डागडुजीसाठी दाह सुरू होतो, तिथली मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. याला वेळ लागतो, म्हणून दुखणं उशिरा येतं. ते एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त असतं आणि बहुधा आठवड्याच्या आत ओसरतं.

म्हणजे इजा झाली, हो, पण अगदी बारीक आणि स्वतःहून भरून येणारी. हलकं चालल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटेल, जरूर चाला. स्ट्रेचिंगने मात्र हे दुखणं फारसं कमी होत नाही. महत्त्वाचं म्हणजे एकदा असा ताण सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाने एवढा दुखत नाही. तेव्हा पुन्हा डोंगरावर जाण्याआधी काही आठवडे थोडे थोडे जिने उतरा, आणि खुर्चीत बसताना धपकन न बसता मनात पाचपर्यंत मोजत बसा. वय वाढलं की स्वतःला सावरून खाली नेण्याची ही ताकद फार जपावी लागते. जिना उतरताना तोल जातो तेव्हा तीच कामी येते.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही सांगतो, ‘चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.’ पुष्कळांना हे उलटं वाटतं. उतरताना भार पेलतो तो वरच्या पायरीवर राहिलेला पाय, म्हणून तिथे चांगला पाय हवा.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नका. दुखण्याबरोबर लघवी गडद तपकिरी झाली, मांडी टणक सुजली किंवा पायातली शक्तीच गेली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटले तर मूत्रपिंडांना धोका असतो.

प्रश्न : व्यायामशाळेत जायला लागून महिना झाला. सुरुवातीला ५ किलोचं डंबेल जड जायचं, आता ८ किलोचं उचलते. पण टेपने मोजलं तर दंड तेवढाच आहे. मेहनत वाया जातेय का?

उत्तर : मुळीच नाही. पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची असते. एका वेळी जास्त तंतूंना कामाला लावायला, त्यांना भराभर संदेश द्यायला ती शिकते. १८९४ मध्ये येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं की एकाच हाताने सराव केला तरी दुसऱ्या हाताची ताकद वाढते. दुसऱ्या हाताचा स्नायू तर वापरलेलाच नसतो! हाताला प्लास्टर घातलेल्या रुग्णांकडून मी धडधाकट हाताचा व्यायाम करून घेते तो याच आधारावर. दंडाचा घेर वाढायला अजून एक-दोन महिने द्या, आणि डंबेल खाली आणताना सोडून देऊ नका, उचलायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ घेऊन खाली आणा.