प्रोटीन पावडरचा यात दोष नाही

प्रश्न : मी ३४ वर्षांचा, बायको ३१ ची. नंदनवनला राहतो, कळमन्याला संत्र्याचा व्यापार आहे. मूल होत नाही म्हणून आधी सगळ्या तपासण्या बायकोच्याच झाल्या, दुर्बिणीचीसुद्धा. सगळं नॉर्मल. आता माझा रिपोर्ट आला: शुक्राणूंची संख्या चांगली, पण ‘मार (MAR) टेस्ट ७२ टक्के’. शरीर शुक्राणूंच्या प्रोटीनवर हल्ला करतंय म्हणे. मी जिमला जातो, प्रोटीन पावडर घेतो; आई म्हणते त्यानंच झालं. मित्र स्टेरॉइडच्या गोळ्या घे म्हणतो. कॉलेजात कबड्डी खेळताना जांघेत गुडघा बसला होता, बरेच दिवस सूज होती. मी बाप होऊ शकतो का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : होऊ शकता. आणि आईंना सांगा, पावडरमधलं प्रोटीन पोटात पचतं, ते शुक्राणूवर जाऊन बसत नाही. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं असेल तर मात्र डॉक्टरांपासून लपवू नका. त्याने शुक्राणू बनणंच थांबू शकतं.

रिपोर्टमधलं प्रोटीन शुक्राणूच्या अंगावरचं आहे. ‘आपलं कोण’ याचा हजेरीपट रोगप्रतिकारशक्ती लहानपणीच तयार करते. शुक्राणू येतात वयात आल्यावर, म्हणून त्यांचं नाव त्या पटावर नसतं. एरवी बिघडत नाही, कारण वृषणातल्या सर्टोली पेशी एकमेकींना घट्ट बिलगून शुक्राणूंची रक्ताशी गाठच पडू देत नाहीत. मार, वृषणाला पडलेला पीळ, जंतुसंसर्ग किंवा ऑपरेशन यामुळे हा आडोसा मोडू शकतो, आणि मग शरीर शुक्राणूंना परके समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार करतं. नसबंदीनंतर तर निम्म्याहून जास्त पुरुषांत अशी प्रतिपिंडं सापडतात. तुमच्या बाबतीत कबड्डीतला तो गुडघा कारण असू शकतो; पण पुष्कळांत कारण सापडतच नाही, तेव्हा त्याच्या मागे लागू नका.

मार टेस्टमध्ये पोहणाऱ्या शुक्राणूंवरच्या प्रतिपिंडांना बारीक मणी चिकटतात का, ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. ७२ टक्के म्हणजे शंभरातल्या ७२ हलत्या शुक्राणूंवर प्रतिपिंडं बसलेली आहेत. ५० च्या वर गेलं की अडथळा धरतात. पण मणी कुठे चिकटले तेही लॅबला विचारा. फक्त शेपटीच्या टोकाला असतील तर फारसं अडत नाही. डोक्यावर असतील तर स्त्रीबीजाला चिकटणं अवघड होतं, आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या स्रावातून पुढे जाताना शुक्राणू जागच्या जागी थरथरत राहतात. नेमकं कुठलं प्रोटीन, हे ही तपासणी सांगत नाही. शुक्राणूवर अशी अनेक प्रोटीनं आहेत. त्यांच्यावरचा हल्ला तेवढाच थांबवणारं औषध आज नाही.

स्टेरॉइड मित्राच्या सांगण्यावरून मुळीच घेऊ नका. फायदा बेभरवशाचा, आणि खुब्याचं हाड कायमचं खराब होण्याचा धोका खरा आहे.

सगळ्यात भरवशाचा रस्ता इक्सी (ICSI). १९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी ही पद्धत जगापुढे मांडली. एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडतात, त्यामुळे प्रतिपिंडांचा अडथळा उरत नाही. खर्च मोठा आहे. बायकोचं वय ३१ आहे, म्हणून आधी आययूआय (धुतलेले शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं) करून बघायचं का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येईल. नैसर्गिक गर्भधारणाही अशा जोडप्यांत होते, फक्त कमी.

एक गोष्ट मला मनापासून खटकली. वीर्यतपासणी स्वस्त, बिनदुखीची. तरी भूल देऊन दुर्बीण आधी बायकोच्या पोटात गेली. माझ्या धंतोलीच्या ओपीडीत हे नेहमी दिसतं. तुमचा रिपोर्ट घरात सगळ्यांसमोर तुम्हीच वाचून दाखवा, तिच्याकडे बोट दाखवणं थांबेल.

तपासणी पुन्हा सांगितली तर नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळा. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या. घरून नेणार असाल तर तासाभरात पोहोचवा, आणि नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत अजिबात ठेवू नका.